सीडी४ ५२०, तरीही गर्भाशयमुखाचा कर्करोग: एक प्रकरण अभ्यास

रक्तातली सीडी४ संख्या, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकार पेशींची मोजणी, १३८ वरून ५२० वर आलेली. एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दोन वर्षे सलग ५० च्या खाली. गोळ्या चुकल्याची एकही नोंद नाही. अशा ३९ वर्षांच्या बाई संबंधांनंतर रक्त जाते म्हणून आल्या आणि तपासणीत गर्भाशयमुखावर ३.४ सेंटिमीटरची गाठ निघाली. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, कागदांवरून पाहिले तर त्या आदर्श रुग्ण होत्या.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते शिकवण्यासाठी रचले आहे. मोजमापे नेहमीच्या व्यवहारातली आहेत. प्रतिकारशक्ती सावरत असतानाच कर्करोग पुढे कसा सरकला, हा इथला प्रश्न आहे. त्याचे उत्तर रक्तात शोधून सापडत नाही. ते गर्भाशयमुखाच्या त्वचेत, पेशी एकमेकींना देत असलेल्या किंवा न देत असलेल्या संकेतांत आहे.

घटनाक्रम

एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा वय ३६, तीन बाळंतपणे, धूम्रपान नाही. निदान उशिरा झाले होते: सीडी४ १३८, व्हायरल लोड २,१०,०००. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी सुरू झाली. त्याच आठवड्यात काढलेल्या पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींच्या तपासणीचा, अहवाल होता ‘दाह, सोबत एलएसआयएल’, म्हणजे हलक्या दर्जाचा बदल. जंतुसंसर्गावर औषध दिले गेले, कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी, मात्र ‘सीडी४ वाढल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलली गेली.

चौदाव्या महिन्यात सीडी४ ३१०. आता एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, डीएनए चाचणी झाली आणि १६ क्रमांकाचा प्रकार सापडला. कॉल्पोस्कोपीत ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबल्यावर घड्याळाच्या ११ ते ३ या भागात दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला पट्टा उठला. त्यात जाडसर फरशीसारखी नक्षी होती. पट्ट्याची वरची कड गर्भाशयमुखाच्या नळीत शिरत होती आणि एंडोसर्व्हायकल स्पेक्युलम उघडल्यावरच दिसत होती. म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन, हे बदल जिथे सुरू होतात तो भाग, दुसऱ्या प्रकारचा. दोन ठिकाणच्या बायॉप्सीत सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाआधीचा सर्वांत तीव्र बदल, आणि एचपीव्हीने पेशी बिघडवल्याची खूण असलेल्या पी१६ या प्रथिनाचा रंग सलग, संपूर्ण जाडीभर.

लूपने तो भाग कापून काढला, म्हणजे एलएलईटीझेड केली. काढलेल्या तुकड्याची खोली ८ मिलिमीटर भरली. नळीकडच्या कडेवर सीआयएन ३ होता आणि तिथेच विजेच्या उष्णतेने पेशी करपल्याने कड नीट वाचता येत नव्हती. नळीचे खरवडणे केले नाही.

त्यानंतरचा काळ शांत गेला. विसाव्या महिन्यात सीडी४ ४४०, सव्विसाव्यात ५२०. गर्भाशयमुखाचे कागद एका विभागात, एआरटीचे दुसऱ्यात. दुसऱ्या विभागाला ‘कड बाधित’ हे दोन शब्द कधी दिसलेच नाहीत. बारा महिन्यांनी व्हायची एचपीव्ही चाचणी झाली नाही. तिसाव्या महिन्यात पांढरे जाण्याची तक्रार आली, आत न बघता लक्षणांवरून औषध दिले गेले. अडतिसाव्या महिन्यात रक्तस्राव.

विषाणू गप्प कसा राहतो

अनेक विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात, आणि त्या तोडफोडीतून शरीराला धोक्याची खबर मिळते. एचपीव्ही असे काहीही करत नाही. त्वचेतल्या अगदी बारीक ओरखड्यातून तो तळाच्या थरातल्या पेशींत शिरतो, तिथे मोजक्या प्रती ठेवून बसतो, आणि पेशी वर सरकून नैसर्गिकरीत्या गळून पडायच्या बेतात आल्या की मगच भरपूर विषाणू तयार करतो. पेशी तशाही मरणारच असतात, त्यामुळे दाह होत नाही. विषाणू रक्तात उतरत नाही. हे सारे आठ जनुके आणि सुमारे ८,००० बेस-जोड्यांच्या एका वर्तुळाकार डीएनएच्या जोरावर.

गप्प राहण्यामागे नुसती लपण्याची जागा नाही, सक्रिय कामही आहे. विषाणूजन्य डीएनए ओळखणारा टीएलआर९ हा ग्राहक १६ क्रमांकाची ई६ आणि ई७ ही प्रथिने मंदावतात. ई६ हे आयआरएफ३ ला धरते, ई७ हे आयआरएफ९ ला. दोन्ही इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या रसायनाचा, निरोप पुढे नेणारे दुवे. त्वचेच्या पेशी स्वतःहून थोडे थोडे सोडत असतात ते इंटरफेरॉन कप्पाही ई६ बंद पाडते. पेशीद्रवात भरकटलेल्या डीएनएची खबर देणाऱ्या स्टिंग या प्रथिनाला ई७ अडवते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, उपचारांच्या भागात ती पुन्हा लागेल.

मग पहारेकऱ्यांचा प्रश्न येतो. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी परकी प्रथिने उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. त्या ई-कॅधेरिनच्या आधाराने त्वचेच्या पेशींना चिकटून असतात. ई६ ते ई-कॅधेरिन कमी करते, आणि लँगरहान्स पेशींना बोलावणारे सीसीएल२० सारखे केमोकाइनही घटते. बाधित पट्ट्यात त्या विरळ होतात. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दाखवणाऱ्या एचएलए वर्ग १ चे ए आणि बी रेणू ई५ हे विषाणूचे प्रथिन पेशीच्या आतच अडवून ठेवते, त्यामुळे मारक टी-पेशींना दाखवायला पृष्ठभागावर काही उरत नाही. सी आणि ई हे रेणू मात्र ते बाहेर राहू देते. ही निवड विषाणूच्या फायद्याची आहे: सगळेच एचएलए गायब झाले असते तर एचएलए नसलेल्या पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी धावून आल्या असत्या.

तरीही बहुतेकींच्या शरीराला अखेर सुगावा लागतो. सुमारे ९० टक्के संसर्ग दोन वर्षांत मागे हटतात. हे काम प्रामुख्याने विषाणूची ई२ आणि ई६ ही प्रथिने ओळखणाऱ्या सीडी४ टी-पेशींचे आहे. त्या इंटरफेरॉन गामा सोडून मारक टी-पेशींना पट्ट्यात आणतात. या बाईंच्या बाबतीत नेमका हाच दुवा तुटला होता. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, त्यामागचे मोठे कारण हेच.

सीडी४ चा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

एआरटीने सीडी४ पेशी वाढतात, सीआयएन मागे हटण्याची शक्यता वाढते, नवीन बदल कमी होतात. त्यामुळे औषधे लवकर सुरू करण्याला पर्याय नाही. पण ५२० हा आकडा रक्तातल्या साऱ्या सीडी४ पेशींचा आहे. त्यातल्या किती पेशी एचपीव्ही १६ ला ओळखतात आणि त्यातल्या किती गर्भाशयमुखाच्या त्वचेपर्यंत पोहोचतात, हे त्यातून कळत नाही. सीडी४ तळाला गेलेले असताना विशिष्ट विषाणूची स्मृती बाळगणारे पेशींचे गट संपून गेले असतील, तर नंतरची वाढ ही उरलेल्या गटांची असते. म्हणून सर्वांत खालचा आकडा, इथे १३८, हा आजच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. तो दर वर्षीच्या कागदावर सर्वांत वर लिहावा. सहसा तो जुन्या फाइलमध्ये राहून जातो.

दुसरी गोष्ट त्याहून सरळ. एआरटी एचआयव्हीवर काम करते, एचपीव्हीवर नाही. आणि पट्टा सीआयएन ३ पर्यंत गेला असेल, तर तो मागे वळण्याची वाट बघण्याची वेळ निघून गेलेली असते. प्रतिकारशक्ती धडधाकट असतानाही उपचाराविना सोडलेल्या सीआयएन ३ चे ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांत कर्करोगात रूपांतर झाल्याचे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नोंदींत दिसले. ज्यांच्यात दोन वर्षांनंतरही बदल टिकून होता, त्यांच्यात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या घरात गेले. हा साधारण १५ ते २० वर्षांचा प्रवास एचआयव्हीवर उपचार नसलेल्या स्त्रियांत ५ ते १० वर्षांत उरकू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या बाईंना संसर्ग कधी झाला ते ठाऊक नाही; पण ‘सीडी४ वाढू दे’ म्हणत घालवलेले चौदा महिने त्या छोट्या मुदतीतून गेले.

लूपने काय मागे ठेवले

ट्रान्सफॉर्मेशन झोन दुसऱ्या प्रकारचा असेल तर कापाची खोली १० ते १५ मिलिमीटर हवी. ८ मिलिमीटर हा पहिल्या प्रकारासाठीचा काप आहे, जिथे सारा झोन बाहेरच्या बाजूला दिसतो. तरुण स्त्रियांत पुढच्या गरोदरपणात अकाली प्रसूती होऊ नये म्हणून उथळ काप घेण्याची सवय लागते, ती समजण्यासारखी आहे. तीन मुले झालेल्या आणि नळीत शिरलेला पट्टा असलेल्या स्त्रीत तिचा उपयोग नव्हता. मोठा लूप एकदाच फिरवणे, किंवा मधल्या भागासाठी वरून दुसरा छोटा तुकडा घेणे, आणि शेवटी उरलेली नळी खरवडून वेगळ्या बाटलीत पाठवणे, असे झाले असते तर वर काय उरले ते कळले असते.

करपलेल्या कडेचे कारण बहुधा तंत्रातले असते: लूप फार सावकाश ओढला गेला, शक्ती कमी ठेवली गेली, किंवा तार मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली. तार ऊतीला लागण्याआधी प्रवाह सुरू असावा आणि एका सलग ओढीत बाहेर यावी.

कड बाधित असणे म्हणजे रोग उरलाच असे नाही, आणि मोकळी असणे म्हणजे गेलाच असेही नाही. उपचार फसला का, हे ओळखायला कडेपेक्षा उपचारानंतरची एचपीव्ही चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार एचआयव्ही असलेल्या स्त्रीने उपचारानंतर १२ महिन्यांनी एचपीव्ही डीएनए चाचणी करावी, ती निगेटिव्ह आली तर आणखी १२ महिन्यांनी पुन्हा, आणि दोन्ही निगेटिव्ह आल्यावरच नेहमीच्या तीन ते पाच वर्षांच्या अंतरावर जावे. कड बाधित असेल तर कित्येक ठिकाणी सहा महिन्यांतच बघतात. इथे एकही चाचणी झाली नाही, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक हीच. लूप उथळ गेल्याचे नुकसान सव्विसाव्या महिन्यातल्या एका चाचणीने भरून निघाले असते.

एक शंका नोंदवून ठेवायला हवी. चोवीस महिन्यांत सीआयएन ३ पासून ३.४ सेंटिमीटरची गाठ, हा वेग जास्त आहे. लूपच्या वेळीच नळीच्या वरच्या भागात सूक्ष्म आक्रमण झालेले असू शकते. खरवडणी नसल्याने आता ते ठरवता येणार नाही.

दाह कुणाच्या बाजूने

एआरटी सुरू झाल्यावर प्रतिकार यंत्रणा जागी होते, इंटरफेरॉन वाढते आणि विषाणू मागे हटतो, असे चित्र मनात असते. ते अर्धे खरे आहे.

तळाच्या पेशींत एचपीव्हीचा डीएनए सुरुवातीला सुटा, वर्तुळाच्या रूपात असतो. काही पेशींत ते वर्तुळ तुटते आणि माणसाच्या गुणसूत्रात घुसते. तुटण्याची जागा अनेकदा ई२ जनुकात पडते. ई२ हे ई६ आणि ई७ वर लगाम ठेवणारे प्रथिन. ते गेले की ई६ आणि ई७ मोकाट सुटतात. पी५३ आणि पीआरबी ही पेशीचे विभाजन आवरणारी प्रथिने. ई६ हे पी५३ ला नष्ट करायला लावते, ई७ हे पीआरबीला. पेशी डीएनए बिघडलेला असतानाही विभागत राहते. पीआरबी गेल्याचा परिणाम म्हणून पी१६ साठत जाते, आणि बायॉप्सीतला तो सलग रंग त्याचाच.

इंटरफेरॉन सुट्या वर्तुळांना हुसकावू शकते, गुणसूत्रात शिरलेल्या डीएनएला नाही. सीआयएनपासून वाढवलेल्या, एचपीव्ही १६ असलेल्या पेशींवर प्रयोगशाळेत इंटरफेरॉन बीटा सोडले तेव्हा सुटी वर्तुळे असलेल्या पेशी मागे पडल्या आणि डीएनए गुणसूत्रात शिरलेल्या पेशींनी थाळी व्यापली. तणनाशकाने साधे गवत मेले आणि चिवट तण फोफावले, तसा हा प्रकार. पट्ट्यात असे चिवट गट आधीच तयार असतील, तर उशिरा आलेला संकेत त्यांनाच मोकळी जागा करून देऊ शकतो. या बाईंच्या शरीरात हेच घडले असे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण एआरटीसोबतच पट्टा काढून टाकण्याऐवजी ‘प्रतिकारशक्ती सावरू दे’ म्हणणे का धोक्याचे, ते यातून समजते.

एपोबेक३ ही एंझाइम्सही तशीच. विषाणूचा डीएनए खराब करण्यासाठी शरीराने ठेवलेले हे हत्यार आहे, आणि एचपीव्ही असलेल्या पेशींत ते वाढलेले असते. ते पेशीच्या स्वतःच्या डीएनएतही सायटोसिनचे बदल करून ठेवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या उत्परिवर्तनांत एपोबेकची खूण ठळक दिसते. सुमारे चौथा हिस्सा गाठींत बिघडलेले पीआयके३सीए हे पेशीवाढीचे जनुकही बहुतांशी ई५४२के आणि ई५४५के या दोनच जागी बिघडते, आणि दोन्ही जागा एपोबेकच्या आवडीच्या अक्षरक्रमात बसतात.

त्यानंतर पेशी स्वतःच दाह पेटता ठेवू लागते. ई६ च्या प्रभावाने एनएफ-कप्पाबी जागे होते, त्यातून इंटरल्युकिन ६ बाहेर पडते, आणि ते त्याच पेशीवर परत येऊन स्टॅट३ सुरू करते. स्टॅट३ वाढ आणि तग धरण्याचे संकेत देते. कॉक्स-२ वाढून प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते. या रसायनांच्या वासावर आलेले मोनोसाइट इंटरल्युकिन ६ मुळे दुरुस्ती करणाऱ्या, टी-पेशींना थोपवणाऱ्या मॅक्रोफेजमध्ये बदलतात. डेंड्रायटिक पेशी लसिकाग्रंथीकडे जायचे विसरतात आणि ऊती कापणारे एमएमपी-९ सोडू लागतात. नियामक टी-पेशी आणि टीजीएफ-बीटा वाढतात. विषाणूच्या सुरुवातीच्या काळात जो दाह हवा होता तो झाला नाही, आणि आता जो आहे तो गाठीच्या कामाचा आहे.

योनीतल्या जिवाणूंचाही यात भाग असतो. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पाटसचे प्राबल्य असलेल्या स्त्रियांत एचपीव्ही लवकर जातो. लॅक्टोबॅसिलस कमी आणि गार्डनरेलासारखे जिवाणू जास्त असतील तर तो टिकण्याकडे कल असतो. तिसाव्या महिन्यातले पांढरे पाणी हे नुसते जिवाणूंचे असू शकले असते, गाठीचेही. स्पेक्युलम घालून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

‘मग दाहविरोधी गोळ्या द्याव्यात का?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. सीआयएनवर सेलेकॉक्सिब वापरून पाहिले गेले, भरवशाचा फायदा दिसला नाही. प्रतिबंधक लसही या टप्प्यावर गाठीला हात लावत नाही: ती एल१ या कवचाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे देते, आणि कर्करोगाच्या पेशी कवच बनवतच नाहीत.

गाठीचा अहवाल

बायॉप्सीत केराटिन न बनवणारा स्क्वॅमस कर्करोग, एचपीव्ही १६. टी-पेशींना थोपवणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनाचा एकत्रित गुण, म्हणजे सीपीएस, १५. टी-पेशी गाठीच्या कडेला जमलेल्या, गाठीच्या बेटांत तुरळक. एचएलए वर्ग १ चा रंग काही बेटांत आहे, काहींत मुळीच नाही. ई५ मुळे दबलेले एचएलए इंटरफेरॉन गामाने पुन्हा वर येऊ शकते. एचएलएला आधार देणारे बी२एम किंवा एचएलए जनुकच बिघडले असेल तर येत नाही, आणि अशा बेटांवर टी-पेशींचा उपयोग होत नाही.

एमआरआयमध्ये डाव्या पॅरामेट्रियममध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाशेजारच्या ऊतीत, प्रसार, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत नाही. ओटीपोटातल्या उजव्या बाजूच्या बाह्य इलियाक लसिकाग्रंथीचा लहान व्यास १३ मिलिमीटर, पेट-सीटीत ती चमकते. महाधमनीभोवतीच्या ग्रंथी स्वच्छ, मूत्रपिंडांना सूज नाही. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या वर्गवारीने ही अवस्था IIIC१, प्रतिमांवरून ठरवलेली म्हणून सोबत ‘आर’. २००९ पासून चालत आलेल्या आणि २०१४ च्या मजकुरातही कायम असलेल्या जुन्या वर्गवारीत हीच अवस्था IIB, कारण तीत ग्रंथी धरल्या जात नव्हत्या. हिमोग्लोबिन ८.६, क्रिएटिनिन ०.९.

उपचार

शस्त्रक्रियेचा टप्पा गेला होता. बाह्य किरणोत्सर्ग ४५ ग्रे, २५ भागांत. बाधित ग्रंथीला त्याच २५ भागांत वाढवून ५५ ग्रे. सोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. शरीराचे पृष्ठफळ १.५ चौरस मीटर असल्याने मात्रा ६० मिलिग्रॅम, पाच वेळा. मग ब्रेकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ स्रोत ठेवून आतून दिलेले किरण, एमआरआय पाहून आखलेली, ७.२ ग्रेचे चार भाग. अल्फा-बीटा गुणोत्तर, म्हणजे किरणांना ऊती कसा प्रतिसाद देते ते सांगणारा आकडा, १० धरले तर बाह्य किरणांचे ४४.३ आणि ब्रेकीथेरपीचे ४१.३ मिळून समतुल्य मात्रा सुमारे ८५.५ ग्रे. लक्ष्य ८५ च्या वर होते. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत ५२ दिवस लागले. आठ आठवड्यांची मर्यादा ओलांडली की गाठीवरचा ताबा घटत जातो.

आधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन एयूसी २ आणि पॅक्लिटॅक्सेल ८० देऊन मग हे उपचार करण्याचाही विचार झाला. इंटरलेस चाचणीत त्याने पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७२ वरून ८० टक्के झाले. वाहते रक्त, ८.६ हिमोग्लोबिन आणि अस्थिमज्जेची मर्यादित ताकद पाहून तो मार्ग घेतला नाही. दुसऱ्या संघाने वेगळा निर्णय घेतला असता तर तो चुकीचा म्हणता आला नसता.

सुरुवातीलाच एआरटीत बदल करावा लागला. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल आणि सिस्प्लाटिन दोन्ही मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतात. अबाकॅव्हिरच्या तीव्र ॲलर्जीचा धोका दाखवणारी एचएलए-बी*५७:०१ ही चाचणी निगेटिव्ह आल्यावर टेनोफोव्हिरच्या जागी अबाकॅव्हिर दिले. डोल्युटेग्रॅव्हिर तसेच ठेवले. ते नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर पडणे रोखते, त्यामुळे गाळणी शाबूत असतानाही क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वर दिसते. इथे ते सुरुवातीपासूनच चालू होते, म्हणून ०.९ हाच आधाराचा आकडा धरला. तिसऱ्या आठवड्यात १.१ आल्यावर सिस्टाटिन सी ही डोल्युटेग्रॅव्हिरमुळे न बदलणारी रक्तचाचणी करून गाळण्याचा वेग ठीक असल्याची खात्री केली आणि मात्रा रोखली नाही. हे माहीत नसेल तर सिस्प्लाटिन विनाकारण थांबते. प्रत्येक वेळी सलाइनसोबत मॅग्नेशियम दिले. रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवले.

किरणांनी पेशीतला डीएनए तुटून पेशीद्रवात सांडतो, स्टिंग जागे होते आणि इंटरफेरॉन वाढून टी-पेशी गाठीत ओढल्या जातात. किरणोत्सर्गाचा हा उपफायदा ई७ अर्धवट अडवते. त्यातच ओटीपोटाच्या हाडांत बरीच अस्थिमज्जा असते आणि लिम्फोसाइट किरणांना सर्वांत आधी बळी पडतात. पाचव्या आठवड्यात सीडी४ ५२० वरून १७० वर आले. व्हायरल लोड ५० च्या खालीच होता, म्हणून हे एआरटीचे अपयश नव्हे हे स्पष्ट झाले. सीडी४ ची टक्केवारी फारशी बदलली नव्हती, त्यानेही तेच सुचवले. आकडा २०० च्या खाली असेपर्यंत संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल चालू केले. तेही रक्तपेशी कमी करू शकते आणि पोटॅशियम वाढवू शकते, म्हणून दर आठवड्याच्या रक्ततपासणीत दोन्हींवर लक्ष ठेवले.

पीडी-एल१ चा अडसर काढून टी-पेशींना मोकळे करणाऱ्या पेंब्रोलिझुमॅब या औषधाचा प्रश्न किचकट ठरला. केमोरेडिएशनसोबत, म्हणजे किरण आणि सिस्प्लाटिनसोबत, ते दिल्यास तीन वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के झाल्याचे कीनोट-ए१८ मध्ये दिसले, आणि त्या चाचणीत ग्रंथी बाधित असलेल्या IIB अवस्थेच्या स्त्रियाही होत्या. पण जानेवारी २०२४ मधली अमेरिकेतली मान्यता फिगो २०१४ नुसार अवस्था III ते IVA साठी आहे. आजच्या भाषेत IIIC१ असलेल्या या बाई त्या भाषेत IIB, म्हणजे मान्यतेच्या चौकटीबाहेर. अर्ज करताना कुठल्या वर्षाची वर्गवारी लिहिली आहे ते न पाहिल्याने इथे गोंधळ उडतो. व्हायरल लोड दाबलेला असताना एचआयव्ही हे एकटे कारण ते नाकारायला पुरेसे नाही. या प्रकरणात ते दिले गेले नाही. गाठ परत आली तर सीपीएस १५ असल्याने केमोथेरपीसोबत त्याची जागा पहिल्या रांगेत राहील.

पुढची तपासणी

बारा आठवड्यांनी केलेल्या पेट-सीटीत गाठ आणि ग्रंथी दोन्ही शांत. त्याआधी घाई करून केलेल्या पेटमध्ये किरणांचा दाहच गाठीसारखा चमकतो. पहिली दोन वर्षे दर तीन ते चार महिन्यांनी तपासणी, त्यानंतर सहा महिन्यांनी. किरणांनंतर गर्भाशयमुखाचा स्मिअर वाचणे अवघड असते, म्हणून बोटांनी आणि स्पेक्युलमने केलेली तपासणी महत्त्वाची. योनी आक्रसू नये म्हणून डायलेटर शिकवले. अंडाशयांचे काम थांबल्याने हाडांची घनता आणि संप्रेरकांचा विचार सुरू केला. सीडी४ सहा महिन्यांत ३१० वर आले. ते ५२० ला पोहोचायला आणखी वेळ लागू शकतो, काहींत पोहोचत नाही.

आता दोन्ही विभागांचा एकच कागद आहे. त्यात सर्वांत खालचे सीडी४, एचपीव्हीचा प्रकार, प्रत्येक उपचारानंतर काढलेल्या तुकड्याची खोली आणि कडेची स्थिती, पुढच्या चाचणीची तारीख आणि ती चुकल्यास फोन कुणी करायचा, हे पाच रकाने आहेत. सहावा रकाना गुदद्वाराचा. एचपीव्ही १६ एकाच जागी क्वचित राहतो, आणि एचआयव्ही असलेल्या ३५ वर्षांवरील व्यक्तींत गुदद्वाराच्या तीव्र पूर्वकर्करोगी बदलांवर उपचार केल्यास तिथल्या कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँकर चाचणीत दिसले. त्यामुळे या बाईंची अॅनोस्कोपी, म्हणजे गुदद्वाराची आतून तपासणी, ठरवली आहे, किरणांनंतरचा दाह उतरल्यावर.